विचारा की! : गोधडीचा भाव आणि जूनची फी

मागच्या अंकात मी बोलता बोलता एक ओळ लिहून गेले होते, की आमच्या गटातल्या बायकांनी यंदा गोधड्या विकून पोरांची जूनची फी भरली, कुणाकडे उसने मागावे लागले नाहीत. झालं! टेबलावर पत्रांचा ढीग आणि फोनवर मेसेज वेगळेच. निम्म्याहून जास्त जणींचं म्हणणं आम्हालाही करायचंय, कसं करू ते सांगा, दोन-तीन पत्रं चक्क भांडायला आलेली, एक नवऱ्याबद्दलचं. सगळी घेता येणार नाहीत, आणि नावं छापू नका असं बऱ्याच जणींनी लिहिलंय म्हणून सगळ्यांचीच काढलीत. मी काही कुठली तज्ज्ञ वगैरे नाही बरं का, बार्शीजवळच्या एका गावात अकरा वर्षं चौदा बायकांबरोबर सुईदोरा आणि हिशोबाची वही सांभाळतीये, त्या जोरावर जे कळलं ते सांगते.

प्रश्न : ताई, आमचा बारा जणींचा बचतगट आहे. आमच्याकडं गोधडीला वाकळ म्हणतात, सगळ्याजणी हातानंच शिवतात. आत्तापर्यंत ओळखीत १२०० रुपयाला एक असं देत होतो. आता पुण्यातलं एक दुकान घेतो म्हणतंय पण ४० टक्के ते ठेवणार. बायका म्हणतात १२०० सुटले तरी बास, घरी बसून तर काम आहे. मला ते पटत नाही, पण नेमका किती भाव सांगू तेही कळत नाही. — गटाची अध्यक्ष, वाळवा तालुका

अहो हे "घरी बसून तर काम आहे" ऐकलं ना की माझं डोकंच फिरतं. शेजारच्या रानात खुरपायला गेलं तर संध्याकाळी दिवसाचा रोज हातात पडतो, तिथं कुणी म्हणतं का की वावरात बसून तर काम आहे? मग गोधडीलाही रोजच लावायचा. आमच्याकडे बाईमाणसाची खुरपणीची मजुरी ३०० चाललीय, तुमच्याकडे जी असेल ती धरा, पण त्याखाली उतरायचं नाही, कारण त्याखाली उतरलं तर बाईनं सुई ठेवून खुरपं घेतलेलं परवडेल.

आता अडचण अशी की कुणालाच माहीत नसतं गोधडीला किती वेळ लागतो. मी आमच्या एका मावशींना विचारलं तर म्हणाल्या कुणास ठाऊक, सिरियल बघत बघत होते. मग आम्ही एक युक्ती केली, प्रत्येकीच्या घरी दाराच्या मागं खडूनं रेघा मारायच्या, एक तास शिवलं की एक रेघ, मग ते दुपारचं असो की रात्री जेवणं झाल्यावरचं. महिन्याभरानं मोजलं तर पाच बाय सात फुटाच्या, चार थरांच्या, जवळ जवळ धावदोरा घातलेल्या गोधडीला सत्तरच्या वर रेघा निघाल्या. ७२ धरा. आठ तासांचा एक रोज म्हणजे नऊ रोज, नऊ त्रिक सत्तावीस, २७०० रुपये नुसती मजुरी! त्या दिवशी आमच्या बायका गप्पच झाल्या, कारण आम्हीही तेव्हा १५०० ला देत होतो आणि वर म्हणत होतो धंदा चांगला चाललाय.

मग बाकीचं. कापड ३५० (जुनी लुगडी-धोतरं घरची असली तरी किंमत धरायची, ती काही आभाळातून पडत नाहीत), दोरा ८०, धुणं-इस्त्री ५०, पिशवी आणि पॅकिंग ६०. बेरीज ३२४०. आता दुकानाचे ४० टक्के, आणि इथंच सगळ्या गटांचा पाय घसरतो, आमचाही घसरला होता. बायका काय करतात, ३२४० वर ४० टक्के चढवतात, म्हणजे होतात ४५३६, आणि वाटतं आता दुकानाचंही निघालं. पण दुकान कापतं ते विक्रीच्या किमतीवर! ४५३६ चे ४० टक्के म्हणजे १८१४ गेले, तुमच्या हातात उरले २७२२, म्हणजे मजुरी कशीबशी सुटली आणि कापड, दोरा, इस्त्री सगळं घरातून घातलं. बरोबर हिशोब असा की दुकान १०० मधले ६० तुम्हाला देणार, तेव्हा ३२४० ला ०.६ ने भागायचं. येतात ५४००. हा तुमचा दुकानातला भाव. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर सगळ्यांच्या समोर करून दाखवा, मी सांगितलं म्हणून ऐकू नका.

आता तुम्ही म्हणाल ५४०० ला घेणार कोण. खरंय, सगळे नाही घेणार. म्हणून मोठ्या मालाबरोबर छोटं काहीतरी हवंच. बाळाची गोधडी आमच्याकडे १६ तासांत होते, दोन रोजांचे ६०० आणि बाकीचा खर्च ११०, एकूण ७१०, त्याला ०.६ ने भागलं की ११८३, म्हणजे झाले १२०० रुपये. बघा म्हणजे, आज तुम्ही ज्या भावात मोठी वाकळ देताय ना त्यात खरं तर बाळाचीच बसते. बारशाला द्यायला म्हणून ती वर्षभर खपते, सीझन नाही काही नाही.

आणि सगळ्यात चांगलं काम सांगू का, लोकांच्या घरातल्या लुगड्यांची गोधडी. आजी गेली, कपाटात तिची सहा नऊवारी तशीच पडलीत, टाकवत नाहीत आणि नेसवत पण नाहीत, असली घरं पुण्यामुंबईत ढीगभर आहेत. ते कापड त्यांचं, मजुरी तुमची, मध्ये दुकान नाही. आम्ही निम्मे पैसे आधी घेतो आणि या गिऱ्हाइकानं आजवर एकदाही घासाघीस केलेली नाही. फक्त एक करा, लुगडं हातात आलं की ओलं पांढरं फडकं त्यावर घासून रंग सुटतो का बघा, आणि विरलेलं असेल तर तिथंच समोर दाखवा, फोटो काढून ठेवा. नाहीतर नंतर "आमच्या आजीची साडी फाडली" असं ऐकावं लागतं, आम्ही ऐकलंय.

दुकानाशी बोलताना अजून एक. माल विकत घेणार की नुसता ठेवून घेणार ते पहिलं विचारा. आमच्या सहा गोधड्या एका दुकानानं आठ महिने ठेवल्या आणि परत पाठवल्या त्या काचेतल्या उन्हानं घडीवर पांढरा पट्टा पडलेल्या, पैसे शून्य. तेव्हापासून कागदावर लिहून घेतो : माल किती दिवस ठेवणार, खराब झाला तर कुणाचा, विकल्यावर पैसे किती दिवसांत. तुमच्या गटाची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर कायद्यानंही विकत घेतलेल्या मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला लागतात, आणि लेखी काही ठरलेलंच नसेल तर १५ दिवसांत. ही ओळ बिलाच्या खाली छापूनच घ्या. भांडायची वेळ क्वचित येते, पण छापलेलं दिसलं की लोक जरा सरळ वागतात.

प्रश्न : मागच्या महिन्यात प्रदर्शनात गोधडी बघितली, ४८०० सांगितली!! आमच्या आजीनं आयुष्यभर गोधड्या शिवल्या, कधी कुणाकडून एक पैसा घेतला नाही. बाजारात चादर ५०० ला मिळते. बायकांच्या नावाखाली लूट चाललीय असं वाटत नाही का? — एक वाचक, सोलापूर

दादा, सोलापूरचेच तुम्ही, चादरीचं कौतुक मलाही आहे, जीआय टॅग (त्या गावाचीच खासियत असल्याचा सरकारी शिक्का) मिळालेली आपली चादर, माझ्या घरात चार आहेत. पण ती मागावर निघते आणि गोधडी बोटांवर निघते, दोन्हीची तुलना कशी करायची. आजींनी पैसे घेतले नाहीत हे खरं, पण आजींना कुणी दिले तरी होते का? असो.

एका बाबतीत मात्र तुमचा संशय अगदी रास्त आहे. मशीनवर मारलेली गोधडी हाताची म्हणून विकणारे आहेत, अगदी प्रदर्शनात सुद्धा. ओळखायचं कसं तर टीप जवळून बघा : मशीनची ओळ सलग असते, टाक्याला टाका चिकटलेला, हाताच्या धावदोऱ्यात प्रत्येक टाक्यानंतर तेवढीच मोकळी जागा दिसते, उलटीकडनं पण तसंच, आणि टाके थोडे लहानमोठे असतातच. बाई उठून गॅस बंद करून आली की पुढचा टाका जरा वेगळा पडतो, तेच बघायचं. मशीनची असेल तर १५०० सुद्धा जास्त वाटले तर देऊ नका, मी तुमच्या बाजूनं भांडेन.

प्रश्न : मी आयटीमध्ये आहे, पुण्यात. गावाकडच्या बायकांच्या वस्तू ऑनलाइन विकायचं मनात आहे, नफ्यासाठी नाही. प्रत्येक वस्तूबरोबर त्या बाईच्या मुलाचा शाळेच्या ड्रेसमधला फोटो आणि "तुमच्या खरेदीतले १० टक्के या मुलाच्या शिक्षणाला" असं टाकलं तर लोक लगेच घेतील असं मैत्रिणी म्हणतात. कसं वाटतं? — एक वाचक, कोथरूड

मनापासून करतेयस ते कळतं, म्हणून जरा स्पष्टच लिहिते, रागावू नकोस.

पहिलं, १० टक्के कशाचे? वरचा वाळव्याचा हिशोब वाच. ५४०० मधले २१६० दुकानाचे, राहिले ३२४०, त्यात मजुरी आणि सामान, नफा नावाचं काही त्यात नाहीच. मग हे १० टक्के म्हणजे ५४० रुपये येणार कुठनं? तुझ्या वाट्यातून देणार असशील तर उत्तम, तसं स्पष्ट लिही. पण बहुतेक ठिकाणी मी काय पाहिलंय, ते बाईच्या मजुरीतूनच जातात. म्हणजे आईचे पैसे कापायचे, आणि तेच तिच्या पोराला दान म्हणून द्यायचे, आणि वर फोटो आपला! तिला पुरते २७०० वेळेवर दे ना, फी ती भरेल, तिला कळतं कुठली वही आणायची आणि कुठला क्लास लावायचा.

दुसरं, लोक विचारतील ८० जी ची, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सूट देणारी पावती मिळेल का. नाही मिळत. वस्तू विकत घेतली ती खरेदी, देणगी नव्हे. ज्यांना देणगी द्यायचीय त्यांना नोंदणी असलेल्या संस्थेकडे पाठव, दोन्ही एका बिलात घुसडू नकोस.

तिसरं फोटो. हे मी चूक करून शिकलीये. दुसऱ्या वर्षी आम्हीही एक फोटो टाकला होता, आमच्या एकीची मुलगी, सातवीत होती, दोन वेण्या, हातात पुस्तक, खाली काहीतरी "हिच्या स्वप्नांसाठी" वगैरे. तीन दिवसांत सगळा माल गेला. चौथ्या दिवशी तो फोटो तिच्या वर्गातल्या कुणाच्या तरी मोबाईलवर आला. ती पोर आधी शाळा सुटली की रोज आमच्या खोलीत यायची, रंग जुळवून द्यायची, चांगली नजर होती तिला. नंतर यायचीच बंद झाली. आम्ही फोटो काढून टाकला, आई काही बोलली नाही, पण मला आजही ती पोर समोरून आली की कसंतरीच होतं. आईनं हो म्हटलं होतं, पण मी तिला पैसे देणारी, माझ्या तोंडावर ती नाही म्हणणार होती का? आणि मूल बालगृहातलं, म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं असेल तर बाल न्याय कायद्यानुसार त्याची ओळख उघड करणं हा सरळ गुन्हाच आहे, ते तर लक्षातच ठेव.

मग काय लिहायचं? वस्तूबद्दल लिही. कापड कुठलं, थर किती, किती तास लागले, धुवायची कशी, आणि बाईला चालत असेल तर तिचं नाव, कारागीर म्हणून. "७२ तास हातशिलाई" एवढं जरी मोठ्या अक्षरात लिहिलंस तरी वाचणारा थांबतो. कीव येऊन घेणारं गिऱ्हाईक एकदाच घेतं ग, आवडून घेणारं पुढच्या वर्षी भाचीच्या बाळासाठी परत येतं.

कुरियरचं पण बघ जरा, आयटीवाली आहेस तर फॉर्म्युला आवडेल : लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, एवढे किलो धरतात बहुतेक कुरियरवाले. फुगलेला बॉक्स ४५ बाय ३५ बाय १५ चा झाला तर पावणेपाच किलो लागतात, गोधडी भरते दोनच. तीच घट्ट दाबून बांधली, ४० बाय ३० बाय ८, तर दोनच्या आत बसते. आमचे पहिल्या वर्षीचे निम्मे पैसे हवेचं वजन पाठवण्यात गेले.

प्रश्न : जीएसटी, उद्यम, कारागीर कार्ड, विश्वकर्मा... एजंट सगळ्याचे मिळून ४००० मागतोय. काय काय खरंच लागतं? — जालना

एजंटला चहा पाजा आणि घरी पाठवा. उद्यम नोंदणी सरकारी वेबसाइटवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, एवढंच. केंद्राच्या हस्तकला आयुक्तालयाचं कारागीर ओळखपत्र आहे, त्यालाही पैसे लागत नाहीत, आणि ते असलं की गांधी शिल्प बाजारसारख्या सरकारी प्रदर्शनात स्टॉलसाठी अर्ज करता येतो. गट उमेदमध्ये (खेड्यातल्या बचतगटांचं सरकारी अभियान) असेल तर तालुक्याच्या कक्षात जाऊन महालक्ष्मी सरस या बचतगटांच्या प्रदर्शनाची यादी कधी निघते ते विचारा, आणि एकदा विचारून घरी बसू नका, दर पंधरा दिवसांनी विचारा.

जीएसटी : महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेली की नोंदणी. एवढी होवो तुमची! सरकारी यादीतल्या हस्तकलेच्या वस्तू दुसऱ्या राज्यात विकायला २० लाखांपर्यंत सूट आहे, पण तुमची वस्तू त्या यादीत आहे का ते एकदा सीएला विचारून घ्या. मोठ्या ऑनलाइन कंपन्यांच्या ॲपवर १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नंबर नसला तरी फक्त आपल्या राज्यात विकता येतं, त्यासाठी पोर्टलवर एक एनरोलमेंट नंबर काढायचा. राज्याबाहेर ॲपवरून पाठवायचं तर मात्र नोंदणी लागतेच.

पीएम विश्वकर्मा ही केंद्राची कारागिरांसाठीची योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ व्यवसाय आहेत त्यात. गोधडी असं नाव नाही पण शिंपीकाम आहे, टोपल्या-चटया-झाडू आहेत, खेळणी आहेत. ट्रेनिंगला दिवसाला ५००, अवजारांना १५,००० पर्यंत, पहिलं कर्ज १ लाख ५ टक्क्यांनी, आणि एका कुटुंबात एकालाच. कर्ज मिळतंय म्हणून घेऊ नका एवढंच सांगते, ऑर्डर असेल तर घ्या.

प्रश्न : मी डहाणू तालुक्यात शिक्षिका आहे. वर्गातली मुलं वारली चित्रं फार सुंदर काढतात. दिवाळीला एका कंपनीनं ५०० पणत्या मुलांकडून रंगवून मागितल्यात, पैसे मुलांच्या वह्यापुस्तकांना देणार. घ्यावी का ऑर्डर?

बाई, नका घेऊ. निदान मुलांसाठी नका घेऊ.

१४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही, २०१६ च्या दुरुस्तीनंतर असल्या कामाला सवलत आहे ती फक्त आपल्या घरच्या धंद्यात, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोक्याचं नसलेलं काम. कंपनीची ५०० ची ऑर्डर शाळेत बसून पुरी करणं त्यात कुठं बसतंय? आणि कायदा बाजूला ठेवला तरी बघा, पहिल्या पन्नास पणत्या पोरं मजेत रंगवतील, नंतर तारीख जवळ येईल, तुम्ही ओरडाल, गणिताचा तास जाईल. पहिली ते आठवीच्या वह्यापुस्तकांसाठी पोरानं कमवावं लागू नये म्हणूनच तर २००९ चा शिक्षण हक्क कायदा झाला ना.

पण ऑर्डर सोडू नका, ती त्यांच्या आयांना द्या. तुमच्याकडे तर हे मूळचं बायकांचंच काम. लग्नाचा चौक भिंतीवर तांदळाच्या पिठानं लिहायच्या त्या सवाशिणीच, आणि गाणी म्हणणारी धवलेरी पण बाईच. सत्तरच्या दशकात चित्र भिंतीवरून कागदावर आलं, बाजार आला, तशी नावं पुरुषांची मोठी झाली. जिव्या सोमा मशे केवढे मोठे कलाकार, २०११ ला पद्मश्री मिळाली, त्यांच्याबद्दल आदरच आहे, पण त्यांच्या गावातल्या, शेजारच्या गावातल्या सवाशिणींची नावं कुणाला ठाऊक आहेत? कोल्हापुरी चपलेचंही तेच, २०१९ ला जीआय मिळाला, सगळीकडे कौतुक झालं, आणि वेणी घालणाऱ्या, बारीक काम करणाऱ्या बायका घरात आतल्या खोलीत. दुकानाच्या पाटीवर "आणि सन्स".

तर पाच-सहा आया गोळा करा, एका पणतीला किती मिनिटं लागतात मोजा, भाव कंपनीला तुम्ही सांगा. पोरांना रंगवायचंच असेल तर चित्रकलेच्या तासाला एकेक, ती घरी न्यायला, विकायला नाही.

प्रश्न : नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत असतो. मंडळाच्या गणपतीत गावाकडच्या बायकांच्या वस्तूंचा स्टॉल लावायचाय, शिवाय मुलांच्या शिक्षणासाठी इथे डोनेशन गोळा करून गटाच्या खात्यात पाठवायचंय. काही प्रॉब्लेम येईल का?

स्टॉलला नाही, डोनेशनला येईल. परदेशी पैसा देणगी म्हणून घ्यायचा तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, बचतगटाकडे ती नसते. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर गोष्ट वेगळी, पण मंडळातल्या अमेरिकन नागरिकांनी दिलेले पैसे परदेशीच धरतात, मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी. एका उत्साही दादांनी आमच्या खात्यात असे पैसे टाकले होते, बँकेत तीन हेलपाटे मारून परत पाठवायला लागले. तेव्हा सरळ माल घ्या, बिल घ्या, बिलाचे पैसे पाठवा. धंद्यातल्या मालाची रक्कम ही देणगी धरत नाहीत.

मालाचं म्हणाल तर आधी ८०० डॉलरच्या आतलं पार्सल तिकडे ड्यूटीशिवाय यायचं, २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत बंद झाली. त्यामुळे पाठवायच्या आधी ड्यूटी किती, कुणी भरायची ते ठरवा, नाहीतर ते पार्सल तुमच्या दारात आल्यावर सगळ्यांचीच तोंडं बघण्यासारखी होतात. इकडून गटाला आयईसी (आयात-निर्यातीचा) नंबर काढावा लागेल, काही जिल्ह्यांत पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं आहेत तिथं कागदपत्रांना मदत करतात. लेबलवर कापड कुठलं आणि मेड इन इंडिया लिहून घ्या, तिकडे ते लागतं. आणि सुटकेसमधून दहा गोधड्या "गिफ्ट" म्हणून नेऊ नका, प्लीज. मोठ्या गोधड्या नकोच, बसायची आसनं, तोरणं, बाळाच्या गोधड्या मागवा. आणि ऑर्डर एप्रिलमध्ये द्या! जुलैमध्ये "ताई, गणपतीला शंभर हवीत" असा मेसेज येतो तेव्हा इकडे पेरण्या उरकून खुरपणी चालू असते, कुणीही सुई हातात धरत नाही.

प्रश्न : दिवाळीत बरे पैसे येतात, पण मालक घेतात आणि बैल, मोटर, देणं यात जातात. जून आला की पुन्हा मी भावाकडे फी मागायला. मालक वाईट नाहीत. काय करू? — केज तालुका

मालक वाईट नाहीत हे तुम्ही आधीच लिहिलंत, म्हणून मी त्यांना काही बोलत नाही. पण पैसा रोख हातात आला की घराचा होतो, खात्यात आला की तुमचा राहतो, एवढं साधं आहे ते. खातं एकटीचं, जॉइंट नाही, गटाला सांगा पैसे तिथंच टाका.

दिवाळी ते जून हे सात महिने पैसा टिकवणं हीच खरी लढाई, शिवणं त्यापुढं सोपं. नोव्हेंबरला पैसे आले की त्याच दिवशी बँकेत आरडी सुरू करायची, महिना १००० ची केली तर मे अखेर ७००० आणि वरचं व्याज, बरोबर शाळेच्या तोंडावर. आमच्या गटात अजून एक पद्धत आहे, आम्ही त्याला "जूनचा डबा" म्हणतो : दर गोधडीमागे बाईच्या मजुरीतले १५० तिच्या नावावर गटात बाजूला ठेवायचे, १ जूनच्या आधी कुणी मागितले तरी द्यायचे नाहीत, दवाखाना सोडून. ज्यांना शाळेतलं मूल नाही त्यांनाही जूनमध्येच परत, त्या बियाणं आणतात. घरी सांगायला पण बरं पडतं, "गट देत नाही हो." एका मावशीनं तर घरी सांगितलंय की मी फार खडूस बाई आहे. सांगू दे!

मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धी खातं काढा, वर्षाला कमीत कमी २५० भरले तरी चालतं, आणि ती अठराची झाली किंवा दहावी झाली की शिक्षणासाठी निम्मे काढता येतात. त्याआधी मालकांनाच काय तुम्हालाही काढता येत नाहीत, म्हणून मला ते आवडतं.

आणि जे फुकट मिळतं ते आधी घ्या. आठवीपर्यंत जिल्हा परिषदेत फी नाही, पुस्तकं शाळाच देते. खेड्यातल्या मुलींना शाळेला जायला एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, अहिल्यादेवी होळकर योजनेत, शाळेतून फॉर्म भरून घ्यायचा. पुढे इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या कोर्सला २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींची फी सरकार भरतं. म्हणजे तुमचे गोधडीचे पैसे कशाला लागणार, तर नववी ते बारावी, क्लास, आणि बाहेरगावी राहणं-खाणं. त्याचा आकडा आत्ता काढा, मग किती गोधड्या शिवायच्या ते कळेल.

प्रश्न : मी बारावीत आहे. आई गोधड्या शिवते, मी इन्स्टावर टाकते, रील बनवते, चांगल्या ऑर्डर येतात. पण रात्री अकरापर्यंत लोकांचे मेसेज येतात "प्राइस प्लीज", "लास्ट प्राइस?" आणि माझा अभ्यास होत नाही. आईला सांगितलं तर तिला वाटतं मी कंटाळा करते. — एक मुलगी, पंढरपूर

अगं तू कंटाळा नाही करत, तू बिनपगारी मॅनेजर झालीयस. आईची गोधडी तुझ्या शिक्षणासाठी आणि तुझं शिक्षण गोधडीच्या मेसेजमध्ये, असं उलटं झालंय ते.

हे कर. किंमत फोटोवरच लिही, मोठ्या आकड्यात, आणि खाली "भाव फिक्स", निम्मे मेसेज तिथंच संपतील. व्हॉट्सॲप बिझनेस आईच्या नंबरवर काढ, त्यात आपोआप जाणारं उत्तर लावता येतं : "नमस्कार, उत्तर उद्या सकाळी ११ ते १ मध्ये मिळेल." आईला टाइप करायचा कंटाळा असेल तर आवाजाचे मेसेज पाठवू दे, आमच्या सगळ्या बायका तेच करतात आणि गिऱ्हाइकांना तो आवाज फार आवडतो, एकीनं तर आवाज ऐकूनच दुसरी ऑर्डर दिली. रील रविवारी एकदाच, चार एकदम करून ठेव. फेब्रुवारी-मार्चला पाटी लाव, ऑर्डर बंद, एप्रिलपासून सुरू. कुणी पळून जात नाही, हाताच्या गोधडीला लोक तीन-तीन महिने थांबतात.

आणि आज एक काम लगेच कर, पैसे घ्यायचा क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा आहे ते बघ. तुझ्या किंवा पप्पांच्या खात्याचा असेल तर बदल आणि आईचा लाव. मग फोन आईच्या उशाशी ठेव आणि तू फिजिक्स काढ.